जहाज कोणत्या धक्क्याला लागणार? ‘क्रूझवरून स्वतःहून फिरू नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

क्रूझने प्रवास करणाऱ्यांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय थोडक्यात असा: जहाज बंदरात जेमतेम आठ-दहा तास थांबते आणि तेवढ्या वेळात अनोळखी गावाची माहिती मिळवणे शक्य नसते, जहाजावर मिळणारा नकाशा पुरेसा असतो, फोनमधला नकाशा परदेशात इंटरनेटवाचून चालत नाही, बस-रेल्वेची खात्रीची माहिती जहाजाच्या सहल-कक्षाखेरीज (जिथे जहाजाच्या सहली विकल्या जातात) कुठे मिळत नाही, आणि उशीर झाला तर जहाज तुम्हाला सोडून निघून जाते, म्हणून जहाजाचीच सहल घ्यावी. यातला शेवटचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे आणि त्याच्या आधारावर बाकीचे चार मुद्देही खरे मानले जातात. म्हणून प्रत्येक मुद्दा वेगळा काढून पाहायला हवा.

वेळ कमी असतो, हे मान्य. पण माहिती बंदरात उतरल्यावर गोळा करायची असते, असे कोणी सांगितले? जहाज कोणत्या दिवशी कुठे लागणार हे तिकीट काढतानाच कळलेले असते, त्यामुळे शोधाशोधीला कित्येक आठवडे हाताशी असतात. खरी अडचण वेळेची नसून चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करण्याची आहे. बहुतेक जण ‘या शहरात पाहण्यासारखे काय आहे’ हे आधी शोधतात. आधी शोधायला हवे ते ‘जहाज नेमके कोणत्या धक्क्याला लागणार आणि तिथून शहर किती दूर आहे’. कारण माहितीपत्रकावर शहराचे नाव असते आणि जहाज मात्र भलत्याच ठिकाणी लागते. ‘रोम’ म्हणजे प्रत्यक्षात चिविताव्हेक्किया, जे रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तिथे बंदराची बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत सोडते आणि रेल्वे स्थानक त्याच्याही पुढे आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी झाली, तेव्हापासून ‘व्हेनिस’ असे लिहिलेले जहाज मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्ना येथे थांबू शकते, आणि त्या बंदीआधी लिहिलेली प्रवासवर्णने धक्क्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरली आहेत. एकाच शहरातही हा फरक पडतो. सिंगापूरला मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी क्रूझ टर्मिनल आहेत. क्रोएशियातील दुब्रोव्हनिकमध्ये धक्क्याला लागणारी जहाजे ग्रूझ या बंदराला थांबतात, आणि तिथून जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंत जाण्यासाठी बस घ्यावी लागते.

धक्का शोधणे अवघड नाही. अनेक बंदर प्राधिकरणे येणाऱ्या जहाजांचे वेळापत्रक धक्क्याच्या किंवा टर्मिनलच्या नावासह प्रसिद्ध करतात. त्यात आपल्या जहाजाचे नाव शोधावे, मग उपग्रह चित्रात तो धक्का मोठा करून पाहावा आणि बंदराच्या कुंपणातून पायी माणसांना बाहेर पडण्याचे फाटक कोणते, ते हेरावे. नकाशावरची पहिली खूण त्या फाटकावर करायची, जहाजावर नव्हे. कारण बंदराच्या आवारातून सरळ रेषेत चालत जाता येईलच, असे नसते.

आता जहाजावर मिळणाऱ्या नकाशाविषयी. या मुद्द्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण सर्वात जास्त दिशाभूल इथे होते. असा एक कागद समोर ठेवून पाहा. मध्यभागी दुकानांचा रस्ता, त्यावर क्रमांक घातलेले रंगीत चौकोन, कडेला दागिने आणि घड्याळांच्या जाहिराती. उत्तर दिशा दाखवणारा बाण बहुधा नसतो. अंतराचे प्रमाण नसते, त्यामुळे धक्क्यापासून पहिल्या चौकोनापर्यंत दोनशे मीटर आहेत की दोन किलोमीटर, हे कागदावरून कळत नाही. बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृह, दवाखाना, पोलीस चौकी यांपैकी फारसे काही सापडत नाही. कॅरिबियन आणि अलास्काच्या बंदरांसाठी दिल्या जाणाऱ्या अशा नकाशांत ‘शिफारस केलेली’ दुकाने ही बहुतांशी प्रसिद्धीसाठी पैसे भरलेली दुकाने असतात, आणि हे बारीक अक्षरांत त्याच कागदावर छापलेलेही आढळते. तो कागद आपल्या जागी ठीक आहे, पण तो गावाचा नकाशा नाही. त्याला नकाशा समजून बाहेर पडलेला माणूस त्या एका रस्त्यावर फिरून परत येतो आणि ‘त्या गावात काही नाही’ असे सांगतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

फोनचा नकाशा इंटरनेटशिवाय चालत नाही, हा समज निम्मा चुकीचा आहे, आणि उरलेला निम्मा नीट समजून घेण्यासारखा आहे. फोन आपली जागा उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवतो. त्याला सिमकार्ड लागत नाही आणि बहुतेक फोनमध्ये विमान मोडमध्येही ही सोय चालू राहते. अडते ते नकाशाच्या चित्रावर, आणि ते चित्र घरूनच उतरवून (डाउनलोड करून) घेता येते. मात्र इथे एक खाच आहे. गुगल मॅप्समध्ये उतरवून घेतलेल्या भागात इंटरनेट नसताना मोटारीचा मार्ग मिळतो. पायी चालण्याचा किंवा बस-रेल्वेचा मिळत नाही. बंदरात उतरणाऱ्याला तर नेमका पायी मार्ग हवा असतो. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी घडवलेल्या मुक्त नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड यांसारखी ॲप जास्त उपयोगी पडतात. त्यांत पायवाटा, पायऱ्या, पिण्याच्या पाण्याचे नळ अशा गोष्टी पुष्कळ ठिकाणी नोंदलेल्या असतात आणि पायी मार्ग इंटरनेटशिवाय काढता येतो. दोन देशांच्या बाबतीत वेगळी तयारी लागते. दक्षिण कोरियात नकाशाची तपशीलवार माहिती देशाबाहेर नेण्यावरील निर्बंधांमुळे गुगलचे मार्गदर्शन वर्षानुवर्षे अपुरे राहिले, म्हणून बुसान किंवा जेजूला उतरणाऱ्याने नेव्हर मॅप अथवा काकाओमॅप पाहावा; चीनमध्ये गुगलच्या सेवा सहजी उघडत नाहीत. राहिला खर्चाचा प्रश्न. जहाजाचे स्वतःचे मोबाइल जाळे उपग्रहावर चालते आणि ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाही, म्हणून भर समुद्रात फोन विमान मोडवरच ठेवावा. नकाशाला त्याने काहीही बाधा येत नाही.

सहल-कक्षाखेरीज माहितीच मिळत नाही, या दाव्यात तथ्य नाही. शहराच्या बससेवेचे स्वतःचे संकेतस्थळ, गावाचे पर्यटन कार्यालय (पुष्कळ बंदरांत त्याचा माणूस टर्मिनलवरच छापील नकाशे घेऊन उभा असतो) आणि प्रवाशांनीच लिहिलेली विकिव्हॉयेज ही मुक्त प्रवासमार्गदर्शिका एवढ्यांत बहुतेक प्रश्न सुटतात. फक्त तारीख पाहण्याची सवय हवी. पिरेअसहून अथेन्सला जाण्यासाठी मेट्रोची हिरवी मार्गिका घ्या, असे जुने लेखन सांगते; पण २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिसरी मार्गिकाही पिरेअसपर्यंत आली आहे आणि ती थेट विमानतळापर्यंत जाते. स्थानिक माहिती किती बारीक असावी लागते, याचे उदाहरण म्हणजे अलास्कातील जुनो. तिथली सार्वजनिक बस मेंडेनहॉल हिमनदीच्या दिशेने जाते खरी, पण सुमारे अडीच किलोमीटर अलीकडे सोडते. हे आधी ठाऊक असेल तर तो छान चालण्याचा रस्ता आहे, आणि ठाऊक नसेल तर परतीची घाई. सांतोरिनीला जहाज समुद्रातच थांबते आणि लहान बोटी ‘फिरा’ या गावाच्या कड्याखालच्या जुन्या बंदरात सोडतात. वर जाण्यासाठी केबल कार किंवा सुमारे ५८८ पायऱ्या. दुपारनंतर खाली येणाऱ्यांची रांग लांबते, म्हणून परतीचा हिशेब रांगेसकट मांडावा लागतो.

शेवटचा मुद्दा जहाज सोडून जाण्याचा. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवते. स्वतंत्र प्रवाशाला पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. पण उशीर होण्याचे एक मोठे कारण घड्याळ आहे, आणि ते टाळता येते. मेक्सिकोतील कोझुमेल बेटाचे उदाहरण घ्या. हे बेट ज्या राज्यात आहे त्या किंताना रूने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे. फ्लोरिडात मात्र उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे जातात. फ्लोरिडाच्या वेळेवर चालणाऱ्या जहाजावर साडेचार वाजलेले असतात, तेव्हा किनाऱ्यावर आपोआप बदललेला फोन साडेतीन दाखवतो, आणि त्या फोनवर विसंबलेला माणूस अजून तास हाताशी आहे असे समजून पाण्यात पोहत राहतो. यावर उपाय म्हणजे उतरण्यापूर्वी फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करणे, किंवा जहाजाच्या वेळेवर लावलेले साधे मनगटी घड्याळ घालणे. स्थानिक बस आणि रेल्वे अर्थातच स्थानिक वेळेवर धावतात, त्यामुळे चिठ्ठीवर दोन्ही वेळा लिहाव्यात. जहाजाच्या दैनिक पत्रकात जहाज कंपनीच्या बंदरातील प्रतिनिधीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. त्या पानाचा फोटो काढून ठेवावा आणि पासपोर्टची प्रत जवळ बाळगावी. परतीसाठी शेवटची नव्हे, तिच्या आधीचीही नव्हे, तर त्याहून आधीची गाडी धरावी.

जहाजाची सहल कुठेच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. ल हाव्रहून पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटर आहे, लाएम चाबांगहून बँकॉक सव्वाशेच्या आसपास. तिथे एका दिवसात जाऊन यायचे असेल तर मीही जहाजाचीच बस पसंत करीन. जर्मनीत रोस्टॉकचे बंदर असलेल्या वार्नेमुंडेला रेल्वे स्थानक धक्क्याला लागूनच आहे, पण बर्लिनला पोहोचायला तीन तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे तिथे रोस्टॉकपुरते फिरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. माँटेनेग्रोतील कोटरला मात्र जुने शहर पाहण्यासाठी सहलीचे पैसे भरण्याचे कारण मला दिसत नाही. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या कठड्यावरून तिथली तटबंदी समोर दिसते आणि मध्ये फक्त एक रस्ता असतो.