दंड सरकारचा, पण थकलेली मजुरी मजुराचीच

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कामगार कायद्यांची अंमलबजावणी म्हणजे नुसती वसुली. अधिकारी येतो, थेट दंड ठोकतो, पैसा सरकार खातं, मजुराला छदामही मिळत नाही. मजूर तर राजीखुशीने कमी रोजावर येतो. असंच चाललं तर खान्देशातले कारखाने गुजरातेत जातील. चांगली, विचारी माणसंही हे पुढे पाठवताहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

सगळ्यात मोठा घोळ पैशाचा आहे. दंड सरकारजमा होतो हे खरं. पण कमी दिलेली मजुरी हा दंड नाही, ती मजुराची थकबाकी आहे आणि तिचा दावा वेगळा चालतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, म्हणजे मजुरीच्या नव्या केंद्रीय कायद्यात, हा दावा मजूर स्वतः, त्याची नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षकही दाखल करू शकतो. मुदत ३ वर्षांची आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती ६ महिन्यांचीच होती. थकलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देता येते. मालकाने तरी दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते आणि ते पैसे मजुराला मिळतात. ‘छदामही नाही’ हे कुठून आलं?

आता आकडे मांडून बघा. समजा, एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात ४० जण आहेत आणि प्रत्येकाला किमान वेतनापेक्षा रोज ६० रुपये कमी पडतात. २६ दिवसांचे झाले ६२,४०० रुपये. कमी वेतनाच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड आहे ५०,००० रुपये. महिना संपायच्या आत मालकाचा दंड भरून निघतो. माझी खरी तक्रार इथे आहे: दंड जास्त नाही, कमी पडतो. म्हणून फरकाची रक्कम वसूल झाल्याशिवाय कारवाई पुरी झाली असं म्हणताच येणार नाही.

‘थेट दंड ठोकतात’ हेही सरसकट खरं नाही. वेतन संहितेखाली, नोंदी न ठेवण्यासारख्या चुकांसाठी खटला भरण्याआधी निरीक्षकाने चूक दुरुस्त करायला लेखी संधी द्यावी लागते. मालकाने मुदतीत पूर्तता केली तर खटलाच होत नाही. ५ वर्षांत तशीच चूक पुन्हा केली तर ही सवलत जाते; आणि कमी वेतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने ५ वर्षांत तोच गुन्हा पुन्हा केला तर ३ महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. काही ठिकाणी हप्ता घेतला जातो, हे मी नाकारणार नाही. पण हप्त्याचा सौदा बंद दाराआडच होतो. त्याला उत्तर नोंदवलेली तपासणी आणि लेखी नोटीस हे आहे. तपासणीच बंद करून काय साधणार?

राजीखुशीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून जिनिंगच्या हंगामाला उतरणारं कुटुंब मुकादमाची उचल घेऊनच घर सोडतं. उचल फिटेपर्यंत ‘नको’ म्हणायची सोय नसते. पगाराच्या दिवशी वहीत अंगठा आधी उमटतो, रकमेचा रकाना कोराच असतो. एक खाडा झाला की दोन दिवसांची हजेरी कापली जाते. कायद्याने गैरहजेरीइतकीच कपात करता येते, आणि मजुराला दंड करायचाच तर आधी त्याचं म्हणणं ऐकून, त्या पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच, दिल्लीतल्या एशियाड बांधकामांच्या प्रकरणात सांगितलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ ने मना केलेली वेठबिगारी. आणि कमी वेतनाला ‘माझी हरकत नाही’ असं लिहून घेतलं तरी तो करार रद्दबातल ठरतो.

मजूर मात्र विचारतो, ‘वही ते मालकजोडे शे भाऊ, आमनाजोडे काय शे?’ (वही तर मालकाकडे आहे, आमच्याकडे काय आहे?) त्याचंही उत्तर संहितेत आहे. मजुरी दिली नाही किंवा कमी दिली असा दावा झाला की ती पूर्ण दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची.

तपासणीने उत्पादन थांबतं, असाही एक शेरा मजकुरात आहे. शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीजवळ ३१ ऑगस्ट २०१९ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, किमान १३ माणसं गेली. ते आठवणाऱ्या कुणीही हे वाक्य पुढे पाठवू नये. सुरक्षेच्या नव्या संहितेत नियमभंगाने मृत्यू झाला तर दंड ५ लाखांपेक्षा कमी नाही, आणि त्यातला निम्मा किंवा अधिक हिस्सा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. म्हणजे इथे दंडसुद्धा सगळा सरकारकडेच जातो असं नाही.

राहिलं गुजरात. या संहिता संसदेने केलेल्या, दोन्ही राज्यांना सारख्याच लागू. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर चार पावलं पुढे गेल्याने वेतन संहितेतून सुटका होत नाही.