मैलाला दोन पाऊंड

मंडळी, संस्थेसाठी देणगी जमवायला आपण जी पदयात्रा करतोय, तिच्याबद्दल आज सकाळी आपल्या ग्रुपवर मेसेज आला. "त्याने कालचा टप्पा पूर्ण केला नाही ना? मग मैलाला दोन पाऊंडप्रमाणे जेवढे मैल चालला तेवढेच द्यायचे का?" खाली दोघांचे अंगठेही उमटले.

उरलेले मैल होते चार-पाच. म्हणजे प्रश्न आठ-दहा पाऊंडांचा. त्यासाठी ज्याच्याबद्दल विचारलं गेलं तो मुलगा काल दुपारी सव्वातीनला ब्लोइंगस्टोन हिलच्या रस्त्याजवळ कुंपणाच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याला स्वतःच्या बॅगेची झिप उघडता येत नव्हती. बोटं झिपवर होती, पण पकडच बसत नव्हती. आत चिक्की होती, थर्मास होता, कोरडे हातमोजे होते. सगळं बरोबर आणलं होतं. फक्त झिप उघडत नव्हती.

काल जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. रिजवे ही दक्षिण इंग्लंडमधली वाट एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत ८७ मैल जाते. १९७३ पासून ती राष्ट्रीय पायवाट आहे. आपण देणगीसाठी घेतला तो तिचा पश्चिमेकडचा अर्धा भाग, थेम्सकाठच्या स्ट्रीटली-गोरिंगपर्यंत, सुमारे ४३ मैल. जानेवारीतले तीन शनिवार. पहिला टप्पा ऑगबर्न सेंट जॉर्जपर्यंत, नऊ मैल, छान झाला. काल दुसरा, ऑगबर्नपासून वाँटेजच्या वरच्या कोर्ट हिलपर्यंत. वीसेक मैल.

वीस मैल. जानेवारीत. हा आकडा वाटेने ठरवला नाही, नकाशाने ठरवला नाही. देणगीच्या पानावर "४३ मैल, तीन दिवस" असं आधी छापलं गेलं आणि मग चालणाऱ्यांचे पाय त्या आकड्यात बसवले गेले. माझा राग आहे तो यावर.

हिशोब मांडते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून वापरतात: तीन मैलांना एक तास, आणि २,००० फूट चढाला आणखी एक तास. वीस मैलांचे सहा तास चाळीस मिनिटं, चढाचा पाऊण-एक तास. सव्वाआठला निघालं की चारच्या आत पोचलो. कागदावर बसतं, कारण जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य मावळतो साधारण चार वाजून वीस मिनिटांनी. पण नेस्मिथचा हिशोब कोरड्या वाटेवरच्या, तयारीच्या एकट्या माणसाचा आहे. वीस-पंचवीस जणांचा गट, भिजलेली खडूची माती, प्रत्येक फाटकापाशी होणारी गर्दी, डबा खायला वीस मिनिटं, बुटाची नाडी, फोड. हिवाळ्यात असा गट तासाला दोन मैल चालतो. वीस मैलांना दहा तास. सव्वाआठचे सव्वासहा. म्हणजे शेवटचे दोन तास काळोखात, हे निघतानाच ठरलेलं होतं.

आणि ही खडूची माती काय चीज आहे हे चालल्याशिवाय कळत नाही. खालचा थर पांढरा, भिजला की साबणासारखा. त्यावर चिकण माती, ती बुटाला थरावर थर चढते आणि प्रत्येक पाय जड होतो. शेताच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या निम्मी नडगी बुडेल एवढ्या खोल, त्यात पाणी. पाणी टाळायला लोक चाकोरीच्या मधल्या कण्यावरून चालतात, आणि घोटा नेमका तिथेच मुरगळतो. गोठलेल्या दिवशी चिखल नसतो, पण त्याच कण्याच्या कडा दगडासारख्या होतात. काठ्या हव्यातच, निदान एक तरी. चिखल बुटात जाऊ नये म्हणून नडगीवर गेटर हवेत.

आपल्यातले बरेच जण म्हणाले, "राजगड केलाय, कळसूबाई केलंय, इथे काय, २६१ मीटरची टेकडी." कळसूबाई १,६४६ मीटर, मान्य. पण सह्याद्रीत पावसातही अंग चालतं ठेवलं की ऊब राहते. इथे तीन अंश, भुरभुर पाऊस आणि धारेवर अडवायला काही नसलेला वारा. अफिंग्टनच्या किल्ल्यापासून पुढे आडोसा म्हणजे अधूनमधून एखादं काटेरी कुंपण. गावं सगळी खाली, कारण खडू पाणी पिऊन टाकतो आणि झरे फुटतात ते डोंगराच्या पायथ्याशी. गावं झऱ्यांपाशी वसली. वर ना दुकान, ना चहा, ना भरवशाचा नळ.

त्या मुलाने जीन्स घातली होती. कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, चार वेळा. पण सांगणं म्हणजे यादी पाठवणं नव्हे. जीन्स भिजली की वाळत नाही, वारा तिच्यातून अंगाची ऊब ओढून नेतो. दुपारी एकला वेलँड्स स्मिदी या प्राचीन दगडी थडग्याभोवतीच्या झाडांखाली थांबलो तेव्हाच त्याची मांडी गार पडली असणार. तो बोलायचा कमी झाला. विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणाला. थंडी अंगात शिरलेला माणूस हेच म्हणतो. म्हणून विचारायचं नसतं, बघायचं असतं. बोटं अडखळतात का, बोलणं जड होतं का, पाय ठेचकाळतात का. झिप उघडत नाही हे आळसाचं लक्षण नाही, शरीराचं तापमान उतरत असल्याचं आहे. ३५ अंशांच्या खाली गेलं की दवाखान्याचीच बाब.

काल जे केलं ते सगळ्यांना पाठ असावं. वाऱ्याकडे पाठ करून त्याला बसवला, खाली बॅग ठेवून, थेट जमिनीवर नाही. भिजलेली वरची फ्लीस काढून कोरडी घातली, डोक्यावर लोकरी टोपी, बाहेरून अख्खा माणूस मावेल अशी केशरी सर्व्हायव्हल बॅग. थर्मासमधला गोड चहा घोट घोट, कारण तो नीट शुद्धीत होता आणि गिळू शकत होता. हातपाय चोळायचे नाहीत. दारू तर अजिबात नाही. सगळ्यांत मागून चालणाऱ्या बॅकलीडने ब्लोइंगस्टोन हिलला उभ्या गाडीला फोन केला आणि वीस मिनिटांत तो गाडीत होता. तासाभराने बरा झाला. गाडी नसती तर ९९९ ला फोन, पोलीस मागायचे आणि नकाशावरचा संदर्भ सांगायचा. अफिंग्टनच्या टेकडीवर खडूत कोरलेल्या पांढऱ्या घोड्याचा आहे एसयू ३०१ ८६६, काल ज्यांना वाचता आला नाही त्यांनी आज शिकून घ्या. फोन चालत नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा.

गाडीत बसताना त्याने विचारलं काय? "मग माझे पैसे कमी होतील का?"

ओठ निळसर, आणि डोक्यात मैल. हे त्याच्या डोक्यात घातलं कुणी? आपण घातलं. मैलाला दोन पाऊंड म्हटलं की प्रत्येक फाटकापाशी माणूस स्वतःच्या शरीराशी घासाघीस करायला लागतो. आणखी एक मैल, आणखी दोन पाऊंड. दुपारी एक वाजताच थांबायला हवं होतं तो सव्वातीनपर्यंत ओढत राहिला.

मैलाचा भाव लावला की लोक हात सैल सोडतात हे खरं आहे. तरी नको.

सकाळी ज्यांनी विचारलं त्यांच्यावर मी फोनवर चिडले. आता तेवढी चिडलेली नाही. ते काल तिथे नव्हते, त्यांनी ती बोटं पाहिली नाहीत. त्यांच्या फॉर्मवर जे छापलं होतं तेच त्यांनी विचारलं. चूक फॉर्मची आहे.

म्हणून पुढच्या शनिवारच्या आधी हे बदलायचंच. देणगीच्या पानावर मैलांचा आकडा राहणार नाही. "कोर्ट हिलहून गोरिंगच्या दिशेने निघणार" एवढंच. रक्कम एकगठ्ठा, चालणारा कुठेही थांबला तरी पूर्ण. ज्यांनी मैलामागे कबूल केलंय त्यांच्याकडून आत्ताच नवा आकडा घ्या. त्याच वेळी गिफ्ट एडचा रकाना नीट भरून घ्या: पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड, रक्कम, तारीख. नाव अर्धवट, पत्ता ऑफिसचा, असं बऱ्याच जणांचं झालंय. गिफ्ट एडमुळे पाऊंडामागे वरचे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात, आणि मैल तोडून जेवढं वाचवाल त्याहून जास्त तिथे गळतंय. पुण्याच्या मामांनी दिलेल्या पैशांवर ते मिळत नाहीत. देणारा इथे कर भरणारा लागतो.

वाटेचं असं. गटात दर आठ जणांमागे एक लीड, सगळ्यांत मागे बॅकलीड, त्याच्याकडे नावांची यादी. प्रत्येक फाटकाला मोजणी. वाट जिथे जिथे गाडीरस्ता ओलांडते तिथे गाडी, आणि प्रत्येक ठिकाणची शेवटची वेळ आधीच लिहिलेली. त्या वेळेला तिथे नसाल तर गाडीत, चर्चा नाही. हेडटॉर्च प्रत्येकाकडे, जादा बॅटरीसह. मोबाइलची टॉर्च चालणार नाही, थंडीत फोन चाळीस टक्क्यांवरूनही बंद पडतो. नकाशा कागदी. कोर्ट हिलपासूनच्या सुरुवातीला ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १७०. पाच मिनिटांच्या वर थांबलात तर आधी जॅकेट चढवायचं, मग बसायचं. गार पडल्यावर घालून उपयोग नाही. सुती काही अंगावर नको, बनियनसुद्धा. जीन्स घालून आलेल्याला मी कोर्ट हिलवरूनच परत पाठवणार आहे, कुणाचाही मुलगा असो.

आणि खाणं बॅगेत ठेवू नका. चिक्कीचे तुकडे घरीच करून जॅकेटच्या वरच्या खिशात. थंडीत अख्खी चिक्की दाताने तुटत नाही. शेंगदाण्याचे लाडू त्याहून बरे, हातमोज्यातही धरता येतात. बोटांच्या मोज्यांवरून पिशवीसारखे जाड मिटन चढवा.

प्रत्येक बॅगेच्या, जॅकेटच्या झिपला दोरीचा चार इंच लांब फास बांधायचा, एवढा मोठा की मिटन घातलेला अंगठा त्यात जाईल. बुटाची जुनी नाडी चालते. गाठ मारून टोकं मेणबत्तीवर जाळून घ्या, नाहीतर उसवतात. शनिवारी साडेसातला गाडीतळावर मी सगळ्यांच्या झिपा बघणार, मिटन घालून उघडायला लावणार. ज्याची उघडणार नाही त्याच्यासाठी नाड्यांचं एक भेंडोळं माझ्याकडे असेल.