चालू गाडीची बॅटरी वायर काढून चार्जिंग तपासू नका

‘मेकॅनिकला पैसे देऊ नका, बाईकची बॅटरी घरीच तपासा’ असा एक लांबलचक फॉरवर्ड सोसायटीच्या, ऑफिसच्या, गावच्या ग्रुपवर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरी गेली. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढा. चालू राहिली तर चार्जिंग ठीक, बंद पडली तर कॉइल (इंजिनात वीज बनवणारी तारेची गुंडाळी) गेली. पाणी कमी असेल तर आरओचं घाला. रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. तरी कटकट असेल तर जास्त एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे जास्त क्षमतेची) बॅटरी बसवा. थंडीत बॅटरी मरते. आणि काढलेली बॅटरी फरशीवर ठेवू नका, उतरते.

यातलं सगळ्यात घातक आधी घेऊ, ते म्हणजे वायर काढणं.

किकवर चालणाऱ्या जुन्या शंभर सीसी गाड्यांत बहुधा स्पार्कसाठी मॅग्नेटमध्ये (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) वेगळी कॉइल असायची आणि चार्जिंगची वेगळी. बॅटरी काढून ठेवली तरी गाडी चालायची. म्हणजे त्या काळातसुद्धा या चाचणीतून चार्जिंगबद्दल काहीच कळत नव्हतं. चार्जिंगची कॉइल जळलेली असली तरी गाडी मजेत फटफटत राहायची आणि मालक खूश!

आजच्या गाडीत मामला उलटा आहे. एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) सगळं बॅटरीच्या लाइनवर. मॅग्नेटमधून येणारं व्होल्टेज रेस दिली की चढतं. आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) ते कापून डीसी करतं आणि उरलेले झटके बॅटरी पचवते. चालू गाडीत बॅटरी काढली की ते झटके थेट ईसीयूवर, मीटरवर आणि हेडलाइटवर जातात. गाडी बंद पडली तर नशीब समजा. नाही पडली तर ईसीयूची किंमत शोरूमला विचारून बघा, दोन-चार बॅटऱ्या आल्या असत्या. शिवाय चार्जिंग ठणठणीत असतानाही गाडी बंद पडू शकते, म्हणजे निकालही खोटाच.

तपासायचं असेल तर साधा मल्टिमीटर घ्या, चायनीज असला तरी चालेल. डीसी २० व्होल्टवर लावा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला, बॅटरीच्या वायरी जागच्या जागी. गाडी रात्रभर बंद असेल तर सकाळी १२.६ ते १२.८ दिसायला हवं. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. ती आधी चार्जिंगला लावा, मग निवाडा करा. दुसरं रीडिंग सेल्फ मारताना: व्होल्टेज पडणारच, पण साडेनऊच्या बरंच खाली कोसळलं आणि बॅटरी पूर्ण चार्ज केलेली होती, तर ती खरंच गेली. तिसरं चालू गाडीवर, चार-पाच हजार आरपीएमला: १३.८ ते १४.५ च्या आसपास. हेडलाइट वेगळा लावायला नको. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना तो इंजिनाबरोबर पेटतोच.

रेस देऊनही आकडा १२.३, १२.२ असा उतरत गेला तर बॅटरीला काहीच पोचत नाही. १५ च्या वर गेला तर आरआर युनिट गेलंय. बॅटरी फुगते, बल्ब उडतात, पाण्याच्या बॅटरीतून ॲसिड नळीवाटे खाली गळतं. ती नळी निखळली असेल तर ते चेनवर, फ्रेमवर पडतं आणि रंग सोलून काढतं.

चार्जिंग नाही म्हटलं की कॉइल बांधायला धावू नका. आधी आरआर युनिटकडे जाणारा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) उघडून बघा. पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात चहासारखं तपकिरी झालेलं असतं, एक पिन काळी पडलेली, त्या पिवळ्या वायरीचं आवरण बोटाने दाबलं की कडक लागतं. सैल पिन गरम होते, गरम झाली की आणखी सैल होते. वॉशिंग सेंटरवर सीटखाली प्रेशरचं पाणी मारून घेणाऱ्यांना हा आजार जास्त. कपलर बदलला की अनेकदा काम तिथेच संपतं. नाही संपलं तर इंजिन बंद असताना कपलर सोडवा, गाडी चालू करा, मीटर एसीच्या वरच्या रेंजवर लावा आणि तीन पिवळ्या वायरी दोन-दोन करून मोजा. रेस दिल्यावर बऱ्याच गाड्यांत ५० व्होल्टच्या वर जातं, तेव्हा उघड्या पिनांना हात नको. तिन्ही जोड्या सारख्या आल्या तर कॉइल निर्दोष, संशय आरआरवर. एखादी जोडी मागे पडली किंवा पिवळी वायर बॉडीशी शॉर्ट दाखवत असेल, तर मात्र कॉइल. (लहान गाड्यांत सिंगल फेजची कॉइल असते आणि काहींत तिचं एक टोक बॉडीलाच जोडलेलं असतं. तिथे हा शॉर्टचा नियम लावू नका.)

आता ‘सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरी गेली’. कान द्या. टक-टक-टक आवाज आणि गाडीचं मीटर लुकलुकतंय, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच टक आणि लाइट मंद नाही, तर रिले (मोटरला करंट जोडणारा स्विच) किंवा सेल्फची मोटर. काहीच आवाज नाही, तर किल स्विच, क्लचचा स्विच, साइड स्टँड, फ्यूज. किल स्विच दाबून ठेवलेली गाडी ढकलत गॅरेजला आणणारे लोक गॅरेजवाल्यांना रोजचेच. अर्थिंगही बघा: सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस आणि इंजिनाच्या उघड्या धातूमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर ती काळी वायर बोल्टखाली गंजलीय. पॉलिश पेपर मारा. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

आणि बॅटरी रात्रीत उतरतेय म्हणजेही ती खराबच असं नाही. बाहेरून बसवलेला जीपीएस, अलार्म, यूएसबी चार्जर काय पितोय ते बघा. समजा २० मिलिअँपिअर. चोवीस तासांत ०.४८ एएच होतात. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी ४ एएचची धरली तर चार दिवसांत निम्मी. गाडी आठवडाभर स्टँडवर उभी असेल तर बिचाऱ्या बॅटरीने करायचं काय?

पाच मिनिटं जागेवर चालू ठेवण्याचा सल्ला तर घराघरांत पोचलाय. सेल्फ हेडलाइटच्या दहापट तरी करंट ओढतो. मग आयडलवर कॉइल जेमतेम देते आणि त्यातलं बरंचसं पेटलेला हेडलाइटच खातो. हाती काय उरतं? जाळलेलं पेट्रोल आणि सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी. अर्धा तास फेरी मारून या. गावी जाणार असाल तर मायनस वायर काढून ठेवा किंवा छोट्या चार्जरला लावा. चार्जिंगचा करंट एएचच्या दहाव्या भागाइतका: ४ एएचला ०.४ अँपिअर. कारचा चार्जर लावून रात्रभर झोपायचं नाही.

आरओचं पाणी: नको. त्यात क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरची बाटली कुठल्याही बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळते. आता बऱ्याच गाड्यांना सीलबंद बॅटरी येते, तिचं झाकण उचकटून पाणी घालणारे महाभागही आहेत. तेही नको.

जास्त एएचची बॅटरी म्हणजे पंप तोच ठेवून गच्चीवर मोठी टाकी बसवणं. कॉइल तेवढीच राहते, त्यामुळे चार्जिंगचा दोष तसाच राहतो, फक्त गाडी काही दिवस उशिरा दगा देते. वर ती मूळ पेटीत बसत नाही, मग रबराने बांधलेली, प्लस टर्मिनल फ्रेमला घासतंय असा प्रकार.

थंडीचं अर्धं खरं. डिसेंबरच्या पहाटे सेल्फ लागत नाही हे बरोबर, पण बॅटरी झिजते उन्हाळ्यात. पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर गंजतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी मार तिथेच खाते. थंडी फक्त ते उघड करते.

फरशीची गोष्ट जुन्या काळच्या, लाकडी पेटीतल्या बॅटऱ्यांची आहे. आताच्या प्लास्टिकच्या डब्यातून फरशीत काही झिरपत नाही. खुशाल ठेवा. फक्त उभी ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, आणि दोन्ही टर्मिनलवर एकदम पडेल असा पाना वरच्या फळीवर ठेवू नका.