‘शाळेच्या नावाखाली घरपट्टीवाढ’ या मेसेजला उत्तर

कोकणातल्या वाडीवाडीच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘चाकरमान्यांनो, जागे व्हा’ अशी सुरुवात. मजकूर थोडक्यात असा: ग्रामपंचायती शाळादुरुस्तीच्या नावाखाली घरपट्टी वाढवताहेत. पैसा जाणार मास्तरांच्या पगारात. दहा-बारा पोरांसाठी सगळ्या गावाने का भरायचं? शाळा बंद करा, गाडी लावून पोरं मोठ्या गावच्या शाळेत पाठवा. शिक्षणाचा सेस आपण आधीच भरतो. शिवाय आमचं घर अकरा महिने बंद असतं. तेव्हा घरपट्टी भरूच नका.

हे आता घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांकडून आलं, ‘विचार करण्यासारखं आहे’ असा शेरा मारून. बरं, करूया विचार.

पगाराचा मुद्दा दोन ओळींत संपतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून निघतो. तुमच्या घरपट्टीतला एक रुपया तिकडे जात नाही. ज्याने हे लिहिलं त्याने ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक एकदाही उघडलेलं नाही.

आता ती गाडी. मेसेजमधली सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात घातक ओळ हीच, आणि लोकांना पटतेय तीही हीच.

पहिलं म्हणजे ‘दहा-बारा पोरं’ ही तुमच्याच गावची नवलाई नव्हे. 2023 मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा होत्या आणि त्यांत 1,85,467 मुलं. भागाकार करून बघा, शाळेमागे बारा-तेराच येतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पट कमी झाला म्हणून ही अंतरं वाढत नाहीत.

आणि कोकणात अंतर नकाशावर मोजून चालत नाही. गाडी येणार डांबरी रस्त्यापर्यंत. वाडीतून रस्त्यावर यायला पाखाडी (पायऱ्यांची दगडी वाट) उतरायची, पऱ्ह्या म्हणजे ओढा ओलांडायचा, तोही साकवावरून (छोट्या पुलावरून), आणि साकव नसेल तर दगडांवरून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पऱ्ह्याला पाणी असतं, भाताच्या बांधावर निसरडं असतं. सहा वर्षांच्या पोराला अवघड जातो तो हाच टप्पा, आणि गाडी नेमकी तो सोडून पुढचा सोपा टप्पा उचलते. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ घरातलं एक माणूस पोराबरोबर अडकलं. लावणीच्या दिवसांत ते कुठून आणायचं? मग पोर घरी राहतं.

पैशाचा हिशेबही बघा. समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची कमाल मर्यादा वर्षाला मुलामागे 6,000 रुपये आहे. शाळा दहा महिने धरली तर महिन्याला 600. बारा मुलांचे वर्षाचे 72,000. एवढ्यात दोन वेळच्या फेऱ्या, पावसाळ्यासकट मारणारा वडापवाला शोधून दाखवा. तो भत्ता थकला की गाडी बंद. आणि हे 72,000 रुपये आकाशातून पडत नाहीत, तोही कराचाच पैसा.

त्याच्यासमोर वाढीव घरपट्टी ठेवा. समजा गावात 350 घरं आहेत, सरासरी घरपट्टी 750 रुपये आणि वाढ 20 टक्के. घरामागे वर्षाला 150 रुपये वाढले, गावाचे झाले 52,500. ‘लूट’ म्हणतात ती एवढी.

एवढ्याने काय होतं असं विचाराल, तर जुनी कौलारू शाळा डोळ्यांसमोर आणा. वीस बाय पंचवीस फुटांचे दोन वर्ग, पुढे आठ फुटी पडवी. वळचण आणि उतार धरून छप्पर भरतं साधारण 185 चौरस मीटर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधरा-सोळा बसतात, म्हणजे अडीच-तीन हजार कौलं. वानरांनी आणि वाऱ्याने वर्षाला पाच टक्के फोडली तरी सव्वाशे-दीडशे नवी लागतात, माथ्यावरचे कोने वेगळे, शाकारणीची, म्हणजे पावसाआधी कौलं साफ करून नीट बसवण्याची, मजुरी वेगळी. आता सरकारी अनुदान बघा. तीसपर्यंत पट असेल तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10,000 रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात खडू, कागद, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं. तुमच्या तालुक्यातला कौलाचा दर लावा आणि काय शिल्लक राहतं ते बघा.

शाकारणी चुकली की बिघाड कसा होतो तेही सांगतो, कारण ‘एक वर्ष नाही केली तर काय बिघडतं’ हेही त्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय. कौलाच्या खाचांत पाला आणि शेवाळ साचतं, पाणी खाली न वाहता मागे फिरतं आणि रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीवर, उतरतं. ओल्या रिपेला वाळवी धरते. रिप वाकली की कौल तिच्यावरून सुटतं, मग वरचं कौल घसरतं. तिथून पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर. जांभा पाणी पितो, गिलावा सुटतो, विजेच्या पट्टीत ओल जाते, एक दिवस वाशाचं टोक कुजून बसतं. सव्वाशे कौलांचं काम तीन-चार पावसाळ्यांत वासे बदलण्याचं होतं, आणि तेही राहिलं तर इमारत धोकादायक ठरून पोरं देवळाच्या सभामंडपात बसतात. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे ही अतिशयोक्ती नाही. ‘पत्रे घाला, कटकट मिटेल’ म्हणणाऱ्यांसाठी: खाऱ्या हवेत पत्रा आधी बोल्टच्या भोकाशी गंजतो, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे पत्र्यांचं काय झालं ते आठवा.

सेसचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, ते मान्य करावंच लागेल. 2004 पासून केंद्राने दोन टक्के शिक्षण उपकर लावला, 2007 मध्ये माध्यमिक-उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. 2018-19 पासून आयकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. यातल्या माध्यमिक-उच्च शिक्षण उपकराबद्दल सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने स्पष्ट म्हटलं की 2006-07 ते 2016-17 या काळात 83 हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली, पण तिच्यासाठी स्वतंत्र निधीच उघडला नव्हता. यावर चिडायचं तर जरूर चिडा. पण तो राग दिल्लीवरचा आहे. केंद्राचा उपकर राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, मग ग्रामपंचायतीपर्यंत तो आपसूक पोचेल कुठून? मुंबईच्या घराच्या बिलात दिसतो तो राज्य शिक्षण उपकर 1962 च्या कायद्याचा. इमारतींवर तो फक्त शहरी हद्दीत बसतो आणि राज्याच्या तिजोरीत जातो. गावच्या घरपट्टीत तो नाही. तेव्हा ‘एकाच गोष्टीचा दोनदा कर’ हे खोटं.

बंद घराचं रडगाणं. 2015 च्या दुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते: क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, या बेरजेला वापराचा भारांक लावायचा आणि दर हजारी कर काढायचा. घरात कोण राहतं, किती महिने राहतं, हे या सूत्रात कुठेच नाही. घसारा, म्हणजे इमारतीच्या वयानुसार होणारी घट, मात्र आहे, म्हणून आजोबांच्या चिऱ्याच्या घराला नव्या स्लॅबच्या बंगल्याइतका कर बसत नाही. राहत्या घराला भारांक 1, व्यापारी वापराला 1.25. किनाऱ्यावरचं लॉज नोंदवहीत अजून ‘राहतं घर’ असेल, मागे वाढवलेल्या दोन खोल्यांची नोंदच नसेल, तर आरडाओरडा त्यावर करा. गळती तिथे आहे.

मेसेजमध्ये नसलेला, पण विचारायलाच हवा असा एक प्रश्न आहे. घरपट्टी ग्रामनिधीत जमा होते, तिच्यावर ‘शाळा’ असा शिक्का नसतो. ‘शाळेसाठी वाढ’ हे नुसतं तोंडी आश्वासन असेल तर विरोध रास्त आहे. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात रक्कम आणि अंदाजपत्रकातलं शीर्षक लिहून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीचा विकास आराखडा त्याला जोडा, म्हणजे कुठल्या वर्गाचं काय काम ते ठरतं. शाकारणी 15 मेच्या आत पुरी व्हावी, आणि बिल निघण्याआधी समितीने वर चढून पाहावं. शौचालय आणि पिण्याच्या पाण्याचं काम घरपट्टीतून मागितलं तर अडवा. त्याला वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला, निधी असतो.

शेवटची ओळ, ‘भरूच नका’. हा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. वेळेत, 30 सप्टेंबरपर्यंत भरणाऱ्याला पाच टक्के सूट मिळते, वर्ष उलटलं की पाच टक्के दंड. थकबाकी नमुना 9 मध्ये, म्हणजे करमागणीच्या नोंदवहीत, पुढे ओढली जाते, वसुलीसाठी जप्तीपर्यंत अधिकार आहेत. मागणीबिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली सदस्यपदाला अपात्र ठरतो, म्हणजे ज्या ठरावाला विरोध करायचा त्या टेबलाशी बसायचा हक्कही गेला. हरकत घ्यायची तर नोटिशीच्या मुदतीत लेखी घ्या. नमुना 8 चा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा काढा, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वर्ष आणि वापर हे चार रकाने स्वतःच्या घराशी ताडून बघा, चूक असेल ती आकड्यात लिहा आणि अर्जाची पोच घ्या. मुंबईहून यायला जमत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.