वायपर गोठला की धुळीनं धरला?

सोलापुरात डिसेंबर उजाडला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे हुरड्याची आमंत्रणं आणि दुसरा तो मेसेज. ‘थंडीत काचेला चिकटलेला वायपर दोन मिनिटांत सोडवा’ असा मथळा, खाली पाच उपाय. काचेवर उकळतं पाणी ओता. तरी नाही सुटला तर वायपर चालूच ठेवा, मोटर ओढून काढते. बादलीभर पाण्यात मूठभर मीठ घालून मारा. रात्री काचेवर चादर टाका किंवा वायपर उभे करून ठेवा. आणि वॉशरच्या टाकीत शाम्पूचं पाणी भरा. शेवटी हात जोडलेले आणि ‘सर्व गाडीवाल्यांना पाठवा’. यंदा एकाच आठवड्यात तो मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ग्रुप. स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसून निम्मी हयात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी मूळ गृहीतच बघू. आपल्याकडे वायपर गोठत नाही. सोलापूरची हिवाळी पहाट बहुतेक वेळा १४-१५ अंशांची. पारा १०-१२ वर आला की आपण कानटोपी शोधतो, पण पाण्याचा बर्फ व्हायला शून्य लागतं. मग सकाळी वायपर काचेला धरलेला असतो तो कशानं? आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं. रात्री दव पडतं, पात्याखालच्या धुळीचा चिखल होतो, पहाटेच्या कोरड्या वाऱ्यात तो वाळतो आणि रबर काचेला डकवतो. त्यात ते रबर एप्रिल-मेच्या त्रेचाळीस अंशांत आधीच भाजून कडक झालेलं असतं. यावर उपाय म्हणजे ओला कपडा. काच आणि रबराची धार दोन्ही पुसा, मग वायपर लावा. कोरड्या काचेवर सरळ वायपर फिरवलात तर ती धूळ सँडपेपरचं काम करते आणि रात्री समोरच्या गाडीच्या लाइटात ते चरे गोल गोल चमकतात.

आता कुणी म्हणेल, महाबळेश्वरला तर बर्फ असतो! असतो. वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपावर हिमकण साठल्याचे फोटो दर वर्षी पेपरात येतात. गंमत अशी, की त्या दिवशीचा अधिकृत आकडा बऱ्याचदा शून्याच्या वर असतो. तापमापक जमिनीपासून उंचावर, सावलीच्या पेटीत असतो. गाडीची काच मात्र उघड्या, निरभ्र आकाशाखाली रात्रभर आपली उष्णता वर सोडत बसते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश जास्त गार होते. त्यात थंड हवा जड, ती उतरून सखल जागी साचते. म्हणून हवा तीन-चार अंशांवर असतानाही काचेवरचं दव गोठू शकतं. अशा ठिकाणी, किंवा मनाली-काश्मीरला स्वतःची गाडी घेऊन गेलात, तर हा मेसेज खरोखर उघडून बघाल आणि खरोखर नुकसान करून घ्याल. तेव्हा एकेक उपाय घेऊ.

उकळतं पाणी. पुढची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पडदा. काचेतून उष्णता हळू सरकते. वरचा पृष्ठभाग एकदम तापून प्रसरण पावतो, खालचा अजून गारच, आणि ताण बसतो तो सगळ्यात दुबळ्या जागी. ती जागा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना असतेच, कारण पुणे रस्त्यावर खडीच्या डंपरमागून गेलेल्या काचेला कुठे ना कुठे हरभऱ्याएवढा टवका असतो. माझं एक गिऱ्हाईक, नाव सांगत नाही, महाबळेश्वरला हॉटेलच्या गीझरचं पाणी बादलीनं ओतून आलं. टवक्यापासून आरशापर्यंत तडा. वर मला म्हणे, “काच हलकी निघाली हो अण्णा.” काच चांगलीच होती. शिवाय जिथे हवाच शून्याच्या खाली असते, तिथे ओतलेलं पाणी बॉनेटच्या मागच्या खोबणीत उतरून वायपरच्या सांध्यांत पुन्हा गोठतं. म्हणजे आधी पातं धरलेलं होतं, आता दांडाही.

मोटर ओढून काढते, हा पाचांतला सगळ्यात महागडा सल्ला. मोटरीत जोर असतो हे खरं, पण तो जोर पुढे कुणीतरी सोसायचा असतो. आत बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचं गिअर असतं, पुढे दांड्यांचे गोळीसांधे, मग नटाखालचे दाते आणि शेवटी रबर. पातं हललं नाही की यातलं जे कच्चं ते जातं. दैव बरं असेल तर नुसता फ्यूज उडतो, कारण अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. आणि हे तुम्ही बटण न दाबताही होऊ शकतं. आदल्या रात्री वायपर चालू असताना किल्ली बंद केली असेल, किंवा गाडीत पाऊस ओळखणारे ऑटो वायपर असतील, तर सकाळी किल्ली फिरवताच ते बर्फाशी झुंजायला लागतात. थंडीच्या गावी मुक्काम असेल तर आधी वायपर बंद, मग गाडी बंद.

मिठात अर्धं सत्य आहे. पाण्यात सुमारे २३ टक्के मीठ विरघळवलं तर ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. पण बादलीभर पाण्यात मूठभर मिठानं गोठणबिंदू एक अंशसुद्धा खाली येत नाही. आणि हवं तेवढं मीठ घातलंत तर ते पत्र्याच्या सांध्यांत बसून गंज धरवतं. त्यापेक्षा कोरोनातली पातळ सॅनिटायझरची बाटली अजून कपाटात असेल तर ती न्या. जेलवाली नको. त्यातलं अल्कोहोल अशा थंडीत गोठत नाही, फवारल्यावर बर्फ कडेनं सुटू लागतो. पेटतं असतं, तेव्हा हातात बिडी-सिगारेट नको. काचेवर थोडा तेलकट पट्टा राहतो, तो पुसून घ्यायचा.

चादरीचं मात्र मनाला लागलं. सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, ती ओढून झोपायचं की काचेवर टाकायची? सुती कापड दव पितं आणि तेच काचेला गोठून बसतं. सकाळी वायपरऐवजी चादर सोलत बसा. टाकायचंच असेल तर पाणी न पिणारं ताडपत्रीसारखं काही टाका. वायपर उभे करणं वारा नसेल तर चालतं, पण वाऱ्यानं नुसता लोखंडी दांडा काचेवर आपटला तर पुन्हा माझ्याकडेच याल. काही नव्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या आड असतात, ते ओढाल तर रंग खरवडेल.

शाम्पूचं पाणी उन्हाळ्यात ठीक. थंडीत ते टाकीत आणि नळीत साध्या पाण्यासारखंच गोठतं.

मग करायचं काय? इंजिन उघड्यावर चालू करा, बंद गॅरेजात नको, धुरानं माणूस जातो. हवेचा झोत पुढच्या काचेवर, आधी कोमट, मग गरम. पंधरा मिनिटं धीर धरा. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम गार पाणी शून्यापासून ८० अंशांवर जातं, म्हणून वेळ लागतो. कड सुटली की प्लास्टिकच्या पट्टीनं बर्फ काढा. उलथनं नाही. मग दांड्याला धरून पातं अलगद उचला.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. त्यावर दोन अंगठे आले आणि खाली पुन्हा तोच मेसेज. पण तडा गेलेलं गिऱ्हाईक दुकानात आलं. या वेळी थेट मनाली, सहकुटुंब, जुनीच गाडी. वायपरची रबरं घेतली, प्लास्टिकची पट्टी घेतली, सॅनिटायझर घरात आहे म्हणाले. मी सहज विचारलं, “रेडिएटरमध्ये काय आहे मालक?” कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि ते इंजिनाच्या ओतीव लोखंडालाही फोडतं.

“पाणीच की अण्णा,” ते म्हणाले. “आपल्या बोअरचं.”

मी कूलंटचा डबा काउंटरवर ठेवला.