गुरुवारी नंबर लावण्याआधी

गुरू करायचाच, असं मनानं घेतलंय ना? मग शंका काढू नका. शंका काढायला घरचे आहेतच. पंचाईत एवढीच, की सोलापुरात आधीचे गुरू फार मोठे होऊन गेलेत.

सिद्धरामेश्वरांचंच घ्या. बाराव्या शतकात लोक त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी लोकांना तळं खणायला लावलं, असं परंपरा सांगते. आज त्या तळ्यात देऊळ आहे, संक्रांतीला नंदीध्वज निघतात, गड्ड्याच्या जत्रेत आपण भजी खातो, सगळं झकास. पण गुरूनं हातात फावडं द्यावं, हे आपल्याला झेपणारं नाही. आपल्याला अंगारा देणारा हवा.

अक्कलकोट जवळच आहे. ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे कितीतरी रिक्षांच्या पाठीवर वाचायला मिळतं. पण स्वामींनी १८७८ मध्ये समाधी घेतली. तिथं बसलं की मन शांत होतं. प्लॉट घ्यायचा की नाही, ते मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि ठरवायला लागू नये म्हणून तर आपण घरातून निघालोय! तेव्हा गुरू जिवंत, बोलता आणि मोबाईल उचलणाराच बघा.

तो शहराच्या जुळे सोलापूर भागात एखाद्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर सापडेल. चपला बाहेर, हातात नंबराची चिठ्ठी. “अण्णा, तुमचा बेचाळीस. ताईंना आधी जाऊ द्या की.” जाऊ द्या. डॉक्टरकडे ताटकळताना तुम्ही चिडता, इथं चिडायचं नाही. डॉक्टर तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोळ्या लिहितो. कचेरीत “साहेब मीटिंगला गेलेत” ऐकून परत यायचं. घरी पोरगा मोबाईलमधून मान वर काढत नाही. महाराज मात्र तुमच्याकडे बघतात, नाव विचारतात आणि पुढच्या गुरुवारी ते नाव त्यांच्या लक्षात असतं. पन्नाशी उलटल्यावर आपलं रडगाणं कुणी इतकं मन लावून ऐकलंय का? (हे वाक्य उपरोधाचं नाही.)

नंबर लागला. महाराज डोळे मिटून म्हणतील, “घरात दक्षिणेला पाणी साठवताय. तिथंच घोळ आहे.” लगेच हात जोडा. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं न्हाणीत बॅरल, जिन्याखाली हौद, गच्चीत टाकी आणि पलंगाखाली घागरी. आठांपैकी कोरडी दिशा कुठली उरली, हे मोजत बसू नका. मग ते म्हणतील, “एक लेकरू लांब आहे, त्याचा घोर लागलाय.” डोळे पुसा. सोलापूरचं शिकलेलं पोर पुण्याला नाही तर कुठं असणार, हा प्रश्न घरी जाताना पडायची भीती असते. पडला तर अंगारा लावा.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘खास तुझं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. मजकूर सगळ्यांना एकच होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्या बिचाऱ्यांनी ना नंबर लावला, ना दक्षिणा ठेवली. तुम्ही दोन्ही केलंय. तुम्ही पाचपैकी सहा द्या.

हिशेब सोपा आहे. काम झालं तर कृपा. नाही झालं तर तुमची श्रद्धा कमी पडली, नाहीतर अकरा गुरुवारांत एकदा सुनेनं घरात अंडं उकडलं.

एक पथ्य पाळा. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रावर ठेवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, मगच सरकारला त्या कायद्याची घाई सुचली. तेव्हा महाराजांना साप-विंचवांत गुंतवू नका. मुलीचं स्थळ, भावाची वाटणी, अडकलेली बदली यांवरच ठेवा. तिथं कुणी फिर्याद करत नाही.

आणि भाकीत साफ फसलं तर? घाबरायचं कारण नाही. शिकागोजवळच्या एका बाईंनी २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार, असं सांगितलं होतं. भक्तांपैकी काहींनी नोकऱ्या सोडल्या. पूर आला नाही. पहाटे बाईंना संदेश आला, की तुमच्या भक्तीमुळंच जग वाचलं! तोवर वर्तमानपत्रवाल्यांना टाळणारी ती मंडळी मग स्वतःहून त्यांना फोन करत सुटली. शहाणी माणसं. आपण एकटे फसलो की मूर्ख ठरतो, चाळीस जण बरोबर असले की संप्रदाय होतो.

म्हणून येत्या गुरुवारी मेहुण्याला घेऊन जा. येणार नाही म्हणाला, तर बहिणीला सांगा. त्याच्या घरची टाकी दक्षिणेला आहे, हे दारातल्या सेवेकऱ्याच्या कानावर जाता जाता घातलंत, तरी चालेल.