हैतीच्या दैन्यामागे ‘सैतानाशी केलेला करार’ नाही

कॅरिबियन बेटावरील हैती या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी १७९१ साली सैतानाशी करार करून स्वातंत्र्य मिळवले आणि त्या पापाची फळे तो देश आजही भोगतो आहे, असा दावा १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर दुसऱ्याच दिवशी अमेरिकी धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी दूरचित्रवाणीवर केला आणि तो आजतागायत फिरतो आहे. ढिगाऱ्याखाली माणसे अडकलेली असताना त्यांच्या पूर्वजांच्या श्रद्धेला दोषी ठरवणारे हे विधान निर्दय आहे आणि ते खोटेही आहे.

ज्याला करार म्हटले जाते तो ऑगस्ट १७९१मध्ये, उठावाच्या तोंडावर, ब्वा काइमान येथे रात्री झालेला विधी होय. आंत्वान दाल्मास या फ्रेंच वैद्याने १८१४ साली त्याचे वर्णन छापले. तो बंडखोरांच्या बाजूचा मुळीच नव्हता. तरीही काळ्या डुकराचा बळी कृष्णवर्णीयांच्या सर्वशक्तिमान दैवताला दिला, एवढेच तो सांगतो. सैतानाचा त्यात उल्लेखही नाही.

तो असणारही कसा? व्होडू या तेथील गुलामांच्या आफ्रिकी मुळांच्या धर्मपरंपरेत ‘बोंद्ये’ हा एकच सृष्टिकर्ता परमेश्वर मानतात, आणि तो माणसाच्या आवाक्यापलीकडचा असल्यामुळे भक्त ‘ल्वा’ नावाच्या दैवी शक्तींना आळवतात. हूंगान किंवा मांबो, म्हणजे पुरोहित किंवा पुरोहिता, चिमटीतून मक्याचे पीठ सोडत, आपल्याकडे रांगोळी घालतात तशी, त्या त्या ल्वाची ‘वेवे’ ही चिन्हाकृती जमिनीवर रेखतात. सर्वांआधी वाट उघडून देणाऱ्या लेग्बाला साद घातली जाते. विधीच्या आरंभीच्या ‘प्रिये गिनें’ या प्रार्थनेत तर कॅथलिक संतांची नावे येतात, कारण १६८५च्या फ्रेंच फर्मानाने गुलामांचा बाप्तिस्मा सक्तीचा केला होता आणि त्यांनी संतांच्या तसबिरींत आपली दैवते जपली.

भूकंपाचे कारण भूगर्भात आहे. हैतीच्या दक्षिण भागातून मोठा भूभ्रंश, म्हणजे भूकवचातील भेग, जातो. राजधानी पोर्त-ओ-प्रॅन्स १७५१ आणि १७७० साली भूकंपांनी उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथे फ्रेंच कॅथलिक राजाची सत्ता होती आणि ब्वा काइमानचा विधी झालेलाही नव्हता.

दारिद्र्याच्या कारणाची तर कागदोपत्री नोंद आहे. १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून, स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात, १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ती मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेसाठी होती आणि त्या मालमत्तेत खुद्द गुलाम माणसेही धरलेली होती. १८३८ साली रक्कम ९ कोटींवर आणली गेली. मात्र ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता हैतीने १९४७ साली चुकवला.